टपावरचं रुखवत

लग्नाचं रुखवत गाडीच्या टपावर बांधून न्यायचं, असं धनेश घरतने जाहीर केलं तेव्हा घरात तीन बायका होत्या आणि तिघींनी एकाच वेळी 'नको' म्हटलं. एकीने म्हटलं असतं तर धनेशने कदाचित विचार केला असता. पण तिघी एकदम म्हणाल्या, आणि मग प्रश्न रुखवताचा राहिलाच नाही.

धनेश तळोज्याला रंगाच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. एकवीस वर्षं तो लोकांना हेल्मेट घालायला लावत होता आणि शिडी कोणत्या कोनात लावायची ते शिकवत होता. जिन्याचा कठडा न धरता उतरणाऱ्या माणसाकडे तो असा बघायचा, की त्या बिचाऱ्याला आपण काहीतरी चोरून चाललोय असं वाटावं. पनवेलच्या फ्लॅटमध्येही गॅसच्या शेगडीमागे त्याने 'प्रथम सुरक्षा' असं स्टिकर चिकटवलं होतं. ते आता तेलकट होऊन फक्त 'प्रथम' उरलं होतं, हा भाग वेगळा. अशा माणसाला बायको, मुलगी आणि सासू मिळून सांगणार की तुम्हाला चार खोकी नीट बांधता यायची नाहीत!

"अहो, टेम्पो करू या ना," मनिषा म्हणाली.

"दारात स्वतःची गाडी असताना?"

"पण बाबा," स्नेहलने बोटं मोजायला सुरुवात केली, "गाडीत आपण चौघं, कपड्यांच्या बॅगा, आहेराची भांडी. रुखवताला जागा कुठे आहे?"

"म्हणूनच टपावर," धनेश म्हणाला आणि मोबाइलवर कॅरिअर मागवून मोकळा झाला.

रुखवत होतं मनिषाच्या भाचीचं, ओवे गावच्या मनस्वीचं. लग्न नागोठण्याला, नवऱ्याकडच्यांच्या हॉलवर, रविवारी दुपारी. एकुलत्या एक भाचीचं रुखवत मी करणार, असं मनिषाने भावाला बजावून सांगितलं होतं आणि तीन महिने हॉलमधल्या सोफ्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं. पापड-कुरडयांचा मोर झाला, पाच मजली बेसनलाडवांचा मनोरा झाला, नारळाच्या डोक्याचे नवरा-नवरी झाले. पण खरी चीज होती मिठागर. चंद्रावतीबाईंचं, म्हणजे धनेशच्या सासूचं, अर्धं आयुष्य खाडीकाठच्या मिठागरावर गेलं होतं. ते मिठागर आता कुठे होतं तेही दाखवता येत नाही. म्हणून सासूबाईंनी स्वतः बसून, टीव्हीच्या भल्यामोठ्या खोक्यात, ते जसंच्या तसं उभं केलं. चिकणमातीचे बांध, चौकोनी वाफे, त्यांत खरं मीठ, मधून हातभर लांबीची होडी, आणि काठावर फळी घेऊन मीठ ओढणारा इवलासा माणूस. तो त्यांचा नवरा होता. तसं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत, पण त्याच्या डोक्याला त्यांनी नवऱ्याच्याच जुन्या पागोट्याची चिंधी बांधली होती.

शनिवारी संध्याकाळी धनेशने पार्किंगमध्ये खोकी टपावर चढवली, ताडपत्री टाकली आणि हुकवाल्या रबरी दोऱ्या ताणून बसवल्या. असं काम चाललंय म्हटल्यावर सोसायटी थोडीच घरात बसते! प्रत्येकाने एकेक सल्ला दिला आणि दुसऱ्याचा सल्ला कसा चुकीचा आहे तेही सांगितलं. गप्प होते ते फक्त तळमजल्यावरचे वहाब मुकादम. कुवेतला तीस वर्षं ट्रेलर चालवून परत आलेला माणूस. सगळे पांगल्यावर ते जवळ आले.

"घरतसाहेब, एक अर्ज करू? ताडपत्रीची पुढची बाजू बंद पाहिजे, तोंड मागे. नाहीतर हवा आत घुसते. आणि हे रबर काढा, मी चांगली दोरी देतो. पळस्प्याला उतरून एकदा गाठी बघा. दहा मिनिटांत माल खाली बसतो, दोरी ढिली पडते."

"चाचा, ही दोरी शंभर किलोला टेस्टेड आहे."

"शंभर किलो खाली ओढतात, साहेब. हवा वर ओढते."

धनेश हसला. गॉगल का घालायचा असं विचारणाऱ्या नव्या कामगारासाठी त्याने राखून ठेवलेलं ते हसू होतं. वहाबचाचांनी ते ओळखलं. "खुदा हाफिज," म्हणून ते घरात गेले.

रविवारी सकाळी सात वाजता मंडळी नटूनथटून गाडीत बसली. गाडी चार फूट पुढे गेली आणि वरून असा आवाज आला की मनिषाने छातीला हात लावला. पार्किंगच्या बाहेर पडायच्या वाटेवर तुळई होती. धनेशने गाडीची उंची मोजली होती, कॅरिअरची मोजली होती, खोक्यांचीही मोजली होती. तुळईची तेवढी मोजली नव्हती. खोकं तुळईखाली दोन बोटं शिरून अडकलं होतं.

आवाज ऐकून सोसायटीच्या सेक्रेटरी वसुंधरा लिमये गाऊनवर ओढणी टाकून खाली आल्या. गाडीला एक प्रदक्षिणा घालून म्हणाल्या, "पार्किंगमध्ये मालाची चढउतार करायला कमिटीची लेखी परवानगी लागते."

"लिमयेबाई, गाडी अडकलीय."

"अडकायलासुद्धा लागते."

खोकी उतरवून बाहेर नेऊन पुन्हा बांधावीत असं मनिषाने सुचवलं. पण एकदा बांधलेला माल सोडायचा म्हणजे आपण चुकीचं बांधलं हे कबूल करण्यासारखं झालं, आणि धनेश त्या मनःस्थितीत नव्हता. शेवटी वहाबचाचांनीच खिडकीतून सांगितलं, "गाडीत वजन घाला. गाडी खाली बसेल."

आता सकाळी सात वाजता वजन कुठून आणायचं? धनेशला जिने चढावे लागले. एखाद्याचं दार वाजवून 'तुम्ही वजनदार आहात, जरा येता का' हे सभ्य शब्दांत कसं म्हणायचं, याचं प्रशिक्षण त्याला कुणी दिलेलं नव्हतं. "थोडी मदत हवी होती," एवढंच तो म्हणायचा. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोघा भावांना न्यायला आला आणि त्यांच्याच समोरच्या किडकिडीत मास्तरांना त्याने वगळलं, तेव्हा भावांच्या लक्षात आलंच. ते आले, पण पुढे महिनाभर बोलले नाहीत. "देखरेख करायला" म्हणून लिमयेबाई पुढच्या सीटवर बसल्या. गाडी कण्हली, दोन बोटं खाली बसली आणि हळूहळू बाहेर आली. नटलेल्या घरच्या बायका मागून चालत आल्या. पावणेनऊ वाजले होते.

पळस्पे फाट्यावर वाहतूक हवालदाराने हात केला.

"वर काय आहे?"

"रुखवत."

"डुलतंय केवढं! उघडा."

धनेशने समोरची बाजू सोडली. हवालदाराने पायरीवर चढून आत डोकावलं आणि त्याचा चेहरा एकदम निवळला. "आयला, मिठागर! कोणी केलं?"

"आमीच केलंय!" मागच्या खिडकीतून चंद्रावतीबाई म्हणाल्या.

"झकास आहे, आजी." मग तो धनेशकडे वळला. "साहेब, दोऱ्या पार ढिल्या आहेत तुमच्या. असं नेऊ नका. नीट आवळा आणि मगच निघा. कामाला कुठे आपण?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण एकवीस वर्षांची सवय. "सेफ्टी ऑफिसर," धनेश म्हणाला.

हवालदाराने त्याच्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला.

त्याने दंड केला असता तर चाललं असतं, शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्या 'बरं'ने धनेशच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मुलगी खिडकीतून बघत होती. लवकरात लवकर तिथून निघायचं या एकाच विचाराने त्याने ताडपत्री ओढली, रबरं जमेल तशी अडकवली आणि गाडीत बसला. पुढची घडी उघडीच राहिली.

शिरढोण मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. उशीर भरून काढायला धनेशने वेग वाढवला. वर फडफड सुरू झाली.

"गाडी काय बोलतंय?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

"ताडपत्री आहे, आई. थोडा आवाज येणारच."

"आमी बैलगाडीवर भाताचे भारे न्यायचो. त्याचा आवाज नाय यायचा."

उजव्या खिडकीशी बसलेली स्नेहल रस्त्यावर धावणारी गाडीची सावली बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "सावलीला कुबड आलंय."

"काय?"

"कुबड. आता मोठं झालं. बाबा, आता पंख आलेत. बाबा, थांबवा!"

फट्कन आवाज झाला. मग दुसरा. मग एकदम शांतता. आणि आरशात धनेशला दिसलं की ताडपत्री आभाळात गेलीय, आणि तिच्या खालून टीव्हीचं खोकं सावकाश, अगदी सन्मानाने उठतंय. ते आडवं झालं, उलटं झालं आणि रस्त्यावर आपटलं. मागून एक स्कूटी येत होती. स्कूटीवर एक बाई होती. स्कूटी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, खोक्याला एका वितीने चुकवून कडेच्या मातीत शिरली आणि कलंडली.

धनेश गाडी उभी करून धावला. बाई उठून बसली होती. कोपर खरचटलं होतं, बाकी काही झालं नव्हतं. तिच्या स्कूटीच्या मागे भाजीचे दोन क्रेट एकावर एक बांधलेले होते. स्कूटी आडवी पडली होती तरी क्रेट जागचे हलले नव्हते.

"लागलं का? ताई, लागलं का तुम्हाला?"

"मराया लावलं असतंस ना रं!" तिने सुरुवात केली आणि पाच मिनिटं श्वास घेतला नाही. तिचं नाव मालू, ती रोज याच रस्त्याने भाजी नेते, तिला दोन पोरं हायत, आणि डोळ्यांवर चश्मा असलेल्या मानसाला दोरी बांधता येत नसेल तर त्याने घरात बसावं, हे सगळं तिने भर हायवेवर सांगितलं. धनेश मान खाली घालून ऐकत होता. कारखान्यात असे प्रसंग त्याने पडद्यावर चित्रं दाखवून कितीदा समजावले होते. त्या चित्रांतली बाई कधी ओरडायची नाही.

मग मालूचं लक्ष रस्त्यावर पसरलेल्या मिठाकडे गेलं. मातीचे बांध फुटले होते. होडीवरून एक कंटेनर गेला होता. चंद्रावतीबाई कडेला उभ्या राहून हातातल्या रुमालात काहीतरी शोधून शोधून गोळा करत होत्या. लाडवांचा मनोरा पार कर्नाळ्याच्या झाडांच्या बाजूला उडाला होता आणि दहा-बारा माकडं कठड्यावर ओळीने बसून, अजिबात भांडण न करता, एकेक लाडू खात होती. इतक्या शिस्तीची पंगत धनेशने माणसांत पाहिली नव्हती.

मनिषा कठड्याला टेकून उभी होती. ती नुसती सांडलेल्या मिठाकडे बघत होती. सतरा वर्षं झाली तरी कारखान्यात गॅस गळल्याची रात्र धनेशला आठवायची. त्याही वेळी तो इतका घाबरला नव्हता.

मालूचा आवाज खाली आला. "लग्नाचं व्हतं काय?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता क्रेटवरची जादा दोरी सोडून, उरलेली दोन खोकी टपावर अशी आवळली की गाडी हलली असती, खोकी नाही. "जावा आता. हळू जावा," ती म्हणाली.

वडखळ मागे पडलं. मग मनिषाने फोन काढला. "हां वहिनी. अगं, रुखवत गेलं. एका टेम्पोने कट मारला, गाडी हलली आणि सगळं रस्त्यावर... नाही, आम्ही ठीक आहोत."

धनेशने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढचा फोन लावला. टेम्पोने कट मारला. त्याच्या पुढचा लावला. नागोठणं येईपर्यंत ती फोनच करत होती. नवऱ्याची अब्रू वाचवतेय की स्वतःची, हे विचारायची धनेशची छाती झाली नाही. पण त्याला थोडं बरं वाटलं, हे खरं.

हॉलवर रुखवताचं टेबल तयार होतं. पांढरीशुभ्र चादर, भोवती झेंडूच्या माळा. त्यावर मनिषाने मान मोडलेला पापडांचा मोर आणि एकटी नवरी ठेवली. नारळाचा नवरा खोक्याच्या फाटक्या कोपऱ्यातून रस्त्यात कुठेतरी पडला होता, तो सापडला नव्हता. बायका चुकचुकल्या. आणि नवऱ्या मुलाचे काका धर्मराज पाटील पुढे आले. उंच, पांढरा सदरा, ट्रान्सपोर्टचा धंदा, सहा गाड्या.

"कोणता टेम्पो व्हता, पाव्हनं? आमाला सांगा. या रस्त्यावर आमी सगल्यांना वलखतो."

"जाऊ द्या हो, झालं ते झालं," धनेश म्हणाला.

"जाऊ कसं द्या? आमच्या सुनंचं रुखवत हाय. रंग कंचा?"

"हिरवा," धनेश म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"मागं काय लिवलं व्हतं?"

"आई एकविरा प्रसन्न." पनवेल ते पेण दर तिसऱ्या टेम्पोवर हेच लिहिलेलं असतं, म्हणजे कुणीच सापडणार नाही, असा त्याचा हिशेब.

धर्मराजांच्या कपाळाला आठी पडली. "डाव्या हाताचा दिवा फुटका व्हता काय?"

एव्हाना भोवती वीसेक माणसं जमली होती आणि धनेशला तिथून सुटायचं होतं. "हो," तो म्हणाला.

"जगन!" धर्मराजांनी हाक मारली.

मंडपामागून चाळिशीचा एक वाळका माणूस आला. हॉलच्या सजावटीची फुलं घेऊन तो पहाटे पनवेलहून आला होता. धर्मराजांच्याच हिरव्या टेम्पोतून.

"शेठ, मी सहा वाजताच इथं पोचलेलो," जगन म्हणाला. "फुलं उतरवली, तवापासून इथंच हाय. मी कुनाला कट नाय मारला."

"इतका शिकलेला मानूस खोटं बोलंल काय? चावी दे. उद्यापासून येऊ नको."

जगनने खिशातून चावी काढली. ती सदऱ्याला पुसली आणि पुढे केली. धनेशने आयुष्यात अपघाताचे पुष्कळ फॉर्म भरले होते. त्यात 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे त्याने बहुतेक वेळा एकच ओळ लिहिली होती: कामगाराचा निष्काळजीपणा. किती सहज लिहायचा तो! त्या ओळीतली माणसं मग चावी कशी देत असतील, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"टेम्पो नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"टेम्पो नव्हताच. कुणी कट मारला नाही. मी बांधलं होतं, नीट बांधलं नव्हतं, वाऱ्याने उडालं. ह्यांचा काही संबंध नाही."

नेमका त्याच वेळी बँड थांबला होता. त्यामुळे वाक्य पार स्टेजपर्यंत गेलं. मुंडावळ्या बांधलेल्या मनस्वीने वळून पाहिलं. धर्मराजांनी मुठीतल्या चावीकडे पाहिलं. मग त्यांनी चावी जगनच्या हातात परत दिली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि धनेशला अतिशय आदराने म्हणाले, "जेवल्याबिगर जाऊ नका." त्या आदराने धनेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण फक्त स्वतःला खोटं ठरवलेलं नाही. टेबलापाशी मनिषा उभी होती. तिच्या भोवतीच्या बायका, ज्यांना तिने तासाभरापूर्वी टेम्पोची गोष्ट रंगवून सांगितली होती, त्या आता साडीचे पदर नीट करत होत्या.

त्या अवघडलेपणातून वाट काढली नवऱ्या मुलाच्या आजीने. तिने चंद्रावतीबाईंना विचारलं, "व्हतं तरी काय त्या खोक्यात?" चंद्रावतीबाई पुढे झाल्या. चादरीच्या मोकळ्या भागावर बोटाने त्यांनी बांध आखले. इथं वाफे, इथून भरतीचं पानी आत येयाचं, इथं होडी लागायची. बायका जवळ सरकल्या. मग रुमाल सोडून त्यांनी पागोट्याची ती चिंधी टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं, "आनि इथं आमचे मालक." धनेशला पुढे जाऊन ऐकायचं होतं. बायकांनी वाट दिली नाही.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. धनेश हॉलच्या मागे, भांडी घासायच्या जागेशी एका खुर्चीवर बसला होता. मनिषा आली. रस्त्यावरच्या त्या प्रकारानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"लग्नाला न आलेल्या एकोणीस जणींना मी फोनवर टेम्पो सांगितलाय."

"मनिषा, मी..."

"त्या माणसाची नोकरी वाचवलीत ते बरोबरच केलंत. नसतं केलंत तर मीच बोलले असते." तिने पर्समधून फोन काढून त्याच्या हातात ठेवला. "आता माझी लाज तुम्ही वाचवा. एकेकीला फोन लावा आणि खरं काय ते स्वतःच्या तोंडाने सांगा. एकोणीसच्या एकोणीस. मग जेवायला या."

ती गेली. धनेशने यादीतलं पहिलं नाव लावलं. उरणची मावशी, वय ऐंशी, कानाने जरा कमी.

"मावशी, मी धनेश बोलतोय, मनिषाचे मिस्टर. हो, रुखवताचंच. मावशी, टेम्पो नव्हता. नव्हता. माझीच चूक होती. मी रबरी दोरी वापरली, ताडपत्रीची पुढची बाजू उघडी राहिली, त्यात हवा भरली. मला सांगितलं होतं लोकांनी, मी ऐकलं नाही. संपूर्ण माझी चूक."

मग मावशी मायेने म्हणाली, "होतं रं बाबा असं. बरोबर हाय तुजं. मनाला लावून घेऊ नको."

धनेशचे डोळे भरून आले.

"पन मला सांग," मावशी म्हणाली, "त्या टेम्पोवाल्याला धरला का नाय?"

धनेशने डोळे मिटले. यादीत अजून अठरा नावं होती.